लेसरने ॲल्युमिनियम साफ करताना : नव्या ऑपरेटरसाठी

गंजलेल्या लोखंडी पाइपवरून लेसर फिरतो आणि मागे लख्ख पट्टा उमटतो, असे व्हिडिओ बघून बहुतेक जण या कामाकडे वळतात. मशीन विकणाराही डेमोला गंजकी पट्टीच घेऊन येतो. मग आपल्या शॉपमध्ये ॲल्युमिनियमचा जॉब टेबलावर येतो, तीच सेटिंग लावली जाते, आणि एक तर काहीच होत नाही किंवा पत्रा वाकडा होतो. लोखंडाचा गंज गडद असतो, लेसर चटकन शोषतो. ॲल्युमिनियमचा स्वच्छ पृष्ठभाग या लेसरचा ९० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो, उरलेली उष्णता पळवून नेतो, आणि त्याची बारीक धूळ पेट घेते. त्यामुळे लोखंडावर हात बसलेल्या माणसानेही इथे पहिल्यापासून सुरुवात केलेली बरी.

समोर एक नेहमीचा जॉब धरू. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शॉपमध्ये दिसेल असा : ५०५२ किंवा ६०६१ ग्रेडचा (हे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे क्रमांक) ३ मिमी पत्रा, पावसाळ्यात शेडमध्ये पडून पांढुरका झालेला, टिग वेल्डिंगसाठी (टंगस्टनच्या टोकाने, आर्गॉनसारख्या गॅसच्या आडोशात होणारं वेल्डिंग) तयार करायचा. मशीन २०० वॅटचं, पल्स (अखंड न चालता ठोक्याठोक्याने चालणारा) फायबर लेसर, हातात धरायच्या गनचं.

आधी ओळखा, काढायचं काय आहे

ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा थर कायम असतो. जेमतेम २ ते ४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. खरवडून काढलात तरी हवा लागताच क्षणात पुन्हा तयार होतो. तेव्हा ‘ऑक्साईड पूर्ण घालवला’ असं कधीच होत नाही. जुना, जाड, पाणी धरलेला थर काढायचा आणि त्या जागी ताजा, पातळ, सारखा थर येऊ द्यायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

डोळ्यांना दिसणारा पांढरेपणा म्हणजे बहुतेक वेळा पाणी शोषलेला ऑक्साईड. एकावर एक रचलेल्या पत्र्यांमध्ये पावसाचं पाणी अडकलं की नकाशासारखे डाग पडतात, ते हेच. वेल्डरला त्रास देतो तोही हाच थर. त्यातल्या पाण्याचा हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो, धातू थिजताना बाहेर पडू बघतो आणि वेल्डच्या मण्यात बारीक भोकं ठेवून जातो. शिवाय ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि ऑक्साईड दोन हजार अंशांच्या वर. म्हणून खाली धातू पातळ झालेला आणि वर साय तशीच, असं चित्र दिसतं.

समुद्राकाठच्या मालावर वेगळी अडचण असते. मीठ लागून पृष्ठभागावर खड्डे पडलेले असतात. लेसर खड्ड्यातली पावडर बऱ्यापैकी काढतो, पण खड्डा भरून देत नाही. खोल खड्डे असतील तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

आता लेसरला हात लावू नये असा माल. खिडक्यांचे सेक्शन बहुतेक ॲनोडाइझ केलेले किंवा पावडर कोटिंगचे असतात. ॲनोडायझिंग म्हणजे मुद्दाम वाढवलेला, कित्येक मायक्रॉन जाडीचा ऑक्साईडच. तो ‘घाण’ समजून उडवला तर जॉब वाया. ओळखायचं कसं? मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि दोन्ही टोकं पृष्ठभागावर हलकी टेकवा. ॲनोडाइझ केलेल्या मालावर बीप येत नाही, उघड्या ॲल्युमिनियमवर येते. जुना, अनोळखी रंग असेल तर त्याहून जास्त जपा. जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट किंवा शिसं असू शकतं आणि लेसर त्याची वाफ करून थेट तुमच्या नाकासमोर आणतो. पीव्हीसीचं स्टिकर जाळलं तर आम्लाचा धूर निघतो. रंग कशाचा आहे हे कळेपर्यंत मशीन बंदच ठेवायचं.

मशीन कोणतं

बाजारात ‘थ्री इन वन’ नावाने मिळणारी १५०० किंवा २००० वॅटची मशीन वेल्डिंग, कटिंग आणि क्लीनिंग सगळं करतात. त्यांचा किरण अखंड चालतो. जाड लोखंडावर ठीक आहे, पण ३ मिमी ॲल्युमिनियमवर तो साफ करण्यापेक्षा तापवतो जास्त. पत्रा वाकतो, कडा करड्या होतात, आणि तापलेल्या धातूवर नवा ऑक्साईड आणखी जाड चढतो. ॲल्युमिनियमला पल्स मशीनच घ्या. त्याचा प्रत्येक ठोका काही नॅनोसेकंदांपासून काहीशे नॅनोसेकंदांचा असतो. वरचा थर उडतो आणि उष्णता आत पसरायच्या आधी ठोका संपलेला असतो.

इथे एक गंमत आहे. ॲल्युमिनियमचा ऑक्साईड या १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरला बराचसा पारदर्शकच असतो. किरण थरातून आरपार जाऊन खालच्या धातूची पातळशी कातडी तापवतो, तिची वाफ होते आणि ती वरचा थर फोडून बाहेर पडते. म्हणजे प्रत्येक फेरीत थोडासा धातूही जातो. ‘लेसर मूळ धातूला अजिबात हात लावत नाही’ हे जाहिरातीतलं वाक्य ॲल्युमिनियमच्या बाबतीत खरं धरू नका.

महिन्याकाठी दोन-चार जॉब असतील तर माझं मत विचाराल तर मशीन घेऊच नका. ॲसिटोनने पुसा, फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला स्टेनलेस वायर ब्रश मारा, टिगसाठी तेवढं पुरतं. लेसरचा फायदा रोज तोच जॉब येतो तिथे, किंवा ब्रशचे ओरखडे चालत नाहीत तिथे. कॉस्टिक सोड्याच्या टाकीतून आणि नंतरच्या नायट्रिक आम्लाच्या आंघोळीतून सुटका हवी असेल तरीही तो कामाचा.

जागा आणि डोळे

हा भाग वाचल्याशिवाय गनला हात लावू नका. ही मशीन क्लास ४ ची, म्हणजे लेसरच्या सगळ्यात धोकादायक वर्गातली असतात. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. पण डोळ्याचं भिंग तो नेमका पडद्यावर गोळा करतं. जळालेला पडदा परत येत नाही. नोझलसमोर दिसतो तो लाल ठिपका फक्त नेम धरायला असतो, साफ करणारा किरण तो नव्हे.

चष्मा घेताना फ्रेमवर किंवा काचेवर छापलेलं वाचा. त्यात १०६४ चा आकडा किंवा तो सामावणारा पट्टा हवा, ओडी (काच किती प्रकाश अडवते त्याचा आकडा) ६ किंवा त्याहून जास्त हवा. युरोपीय प्रमाणाचा चष्मा असेल तर आकड्यांच्या मागे इंग्रजी अक्षरं असतात : ‘डी’ म्हणजे अखंड किरणासाठी, ‘आर’ म्हणजे नॅनोसेकंदाच्या ठोक्यांसाठी. आपल्या मशीनला ‘आर’ हवा. नुसता ‘डी’ असलेला चष्मा थ्री इन वनबरोबर फुकट मिळतो आणि पल्स मशीनवरही वापरला जातो, हे सर्रास दिसतं. वेल्डिंगची काच किंवा गॉगल इथे चालत नाही. चष्म्याला ओरखडा किंवा भाजल्याचा डाग पडला तर तो टाकून द्या.

चष्मा फक्त ऑपरेटरला नाही, त्या खोलीतल्या प्रत्येकाला. लोखंडाच्या गंजावरून प्रकाश विखरून परततो, तर ॲल्युमिनियमचा गुळगुळीत पत्रा आरशाचं काम करतो. तिरका परावर्तित किरण टेबलापलीकडे चहा घेऊन आलेल्या मुलाच्या डोळ्यात जाऊ शकतो. म्हणून काम बंद कप्प्यात करा. १०६४ साठी प्रमाणित लेसर पडदे किंवा मॅट काळ्या पत्र्याच्या भिंती चालतात. साधी काच, पारदर्शक ॲक्रिलिक आणि वेल्डिंगचा रंगीत पडदा यांवर भरवसा ठेवू नका. काचेतून हा किरण मजेत पलीकडे जातो. दाराला इंटरलॉक असावा, दार उघडलं की लेसर बंद. मशीनची किल्ली एकाच माणसाच्या खिशात.

अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला, नायलॉनचे नकोत. आणि रील काढायचा मोह आवरा. परावर्तित किरण मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही जाळतो, आणि स्क्रीनकडे बघणाऱ्याचं लक्ष गनवर नसतं.

धूळ : सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट

जॉबवरून उडालेलं ॲल्युमिनियम आणि ऑक्साईड धुरासारखं बारीक असतं. त्यातला धातू हवेत दाट झाला आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. ठिणगी तर लेसर स्वतःच देतो.

धूर खेचणारं युनिट जागेवरच लागतं, तोंड किरणापासून १०-१५ सेंमीवर. छतावरचा एक्झॉस्ट फॅन पुरत नाही. तो धूर तुमच्या चेहऱ्यावरून नेतो. युनिट ज्वलनशील धातूच्या धुळीसाठी बनवलेलं हवं, ठिणगी अडवणारी जाळी आणि बारीक कणांचा हेपा फिल्टर हवा, पाइपसकट सगळ्याला अर्थिंग हवं. प्लास्टिकच्या पाइपात स्थिर वीज साठते.

ज्या युनिटमधून लोखंडाच्या ग्राइंडिंगची किंवा गंजाची धूळ खेचली जाते ते ॲल्युमिनियमला कधीही जोडू नका. लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची पावडर एकत्र म्हणजे थर्माइट, रेल्वेचे रूळ जोडायला वापरतात तेच मिश्रण. फिल्टरच्या पिशवीत ते तयार झालं तर विझवायला कोणी उरत नाही. सकाळी लोखंड आणि दुपारी ॲल्युमिनियम करणाऱ्या शॉपने दोन वेगळी युनिट ठेवायचीच. परवडत नसेल तर ॲल्युमिनियमचं काम घेऊ नका.

आग लागली तर पाणी मारायचं नाही. जळतं ॲल्युमिनियम पाण्यातून हायड्रोजन सोडवतं. सीओटूचा सिलिंडरही या आगीचा नाही. ‘डी’ वर्गाचं (धातूच्या आगीसाठीचं) अग्निशामक किंवा कोरडी वाळू हाताशी ठेवा. कोरडी म्हणजे खरंच कोरडी. शेडबाहेर भिजत पडलेली बादली नव्हे.

तोंडाला पी३ किंवा पी१०० काडतुसाचा मास्क लावा. कोरोनातला निळा मास्क इथे शोभेचा.

जॉब तयार करणं

आधी तेल-ग्रीस घालवा, मग लेसर. उलट केलं तर लेसर तेल जाळून त्याची काजळी पृष्ठभागात बसवतो. लिंट न सोडणाऱ्या कापडावर ॲसिटोन घेऊन एकाच दिशेने पुसा, कापड बदला, पुन्हा पुसा. मग पूर्ण वाळू द्या आणि डबा, चिंध्या कप्प्याबाहेर नेऊन ठेवा. वाफ असताना लेसर सुरू केला तर तीच पेटेल.

पत्रा क्लँपने घट्ट धरा. खाली पॉलिश केलेलं स्टेनलेसचं टेबल नको, मॅट पत्रा किंवा फायर ब्रिक (भट्टीची वीट) ठेवा. परावर्तित किरण कुठल्या बाजूला जाणार हे गन धरायच्या आधीच ठरवा आणि त्या बाजूला मॅट काळा पत्रा उभा करा.

भंगार तुकड्यावर चाचणी

त्याच ग्रेडचा, त्याच जाडीचा, शक्यतो त्याच लॉटमधला तुकडा घ्या. मार्करने त्यावर चौकोन आखा.

थोडा हिशोब करू म्हणजे पॅनेलवरचे आकडे निर्जीव राहणार नाहीत. २०० वॅटचं मशीन ५० टक्क्यांवर म्हणजे १०० वॅट. वारंवारता १०० किलोहर्ट्झ असेल तर सेकंदाला एक लाख ठोके, प्रत्येक ठोक्याला १ मिलीज्यूल. ठिपका ०.१ मिमी व्यासाचा धरला तर चौरस सेंमीला साधारण १३ ज्यूल पडतात, आणि बऱ्याच जॉबना हे जास्तच होतं. गन किरण आडवा इकडून तिकडे फिरवते; तो फिरायचा वेग सेकंदाला ५००० मिमी ठेवला तर दोन ठोक्यांमध्ये ०.०५ मिमी अंतर, म्हणजे ठिपके एकमेकांवर निम्मे चढतात. हे बरं आहे.

पट्ट्याची रुंदी ६० मिमी असेल तर किरण सेकंदाला सुमारे ८३ वेळा रेघ मारतो. रेघांमध्ये ०.१ मिमी अंतर हवं तर हात सेकंदाला जेमतेम ८ मिमी सरकायला हवा. एक मीटर पुढे जायला दोन मिनिटं. या चालीने एक चौरस मीटर साफ व्हायला अर्ध्या तासाहून थोडं जास्त लागतं, तेही एका फेरीत. कोटेशन देताना हे लक्षात ठेवा. सेल्समनने सांगितलेला ‘तासाला इतके चौरस मीटर’ आकडा बहुतेक वेळा पातळ गंजाचा असतो.

सुरुवात ३० टक्क्यांपासून करा. वारंवारता आणि किरणाचा वेग तसाच ठेवून पुढच्या चौकोनात ४०, मग ५०. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मार्करने आकडा शेजारी लिहा. ठोक्याची लांबी पहिल्या दिवशी मशीन बनवणाऱ्याने दिलेली तशीच ठेवा.

फोकसचं अंतर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पट्टीने मोजून गन त्या उंचीवर धरा. नंतर कानाने सांभाळता येतं : फोकसमध्ये आलं की तडतड आवाज टोकदार आणि मोठा होतो, गन वर-खाली झाली की तो मऊ पडतो.

आता चौकोन बघा. ३० टक्क्यांवर पांढरा डाग तसाच, फक्त थोडा उजळ. ४० वर डाग गेला, धातू चंदेरी आणि सारखा, बोट फिरवलं तर जवळजवळ मूळच्याइतका गुळगुळीत. ५० वर पृष्ठभाग बर्फासारखा दुधी, हाताला किंचित खरखरीत. तिथे वरची कातडी वितळून पुन्हा थिजली आहे. ६० वर मधे मधे करड्या-काळ्या छटा. तुमच्या मशीनवर आकडे वेगळे येतील, पण क्रम हाच असतो. डाग जिथे गेला ती सगळ्यात खालची पायरी आपली. हात सुटून एकदा जास्त पडला तरी जॉब वाचावा म्हणून मी तर त्या पायरीवरही एका फेरीऐवजी दोन हलक्या फेऱ्या मारणं पसंत करतो.

मॅग्नेशियम जास्त असलेल्या ५०५२, ५०८३ अशा ग्रेडवर हलकी काजळी पडते. ती बोटाला लागते. धूर नीट खेचला जात नसेल तर तीच काजळी परत पृष्ठभागावर बसते. म्हणून काळं दिसलं की पॉवर वाढवायच्या आधी खेचणाऱ्या नळीचं तोंड जवळ आणा.

प्रत्यक्ष जॉब

गन सरळ काटकोनात धरू नका. १०-१५ अंश कलती ठेवा. काटकोनातला परावर्तित किरण गनमध्ये परत शिरतो, आधी संरक्षक काच जाळतो आणि नशीब खराब असेल तर सोर्सपर्यंत, म्हणजे किरण तयार करणाऱ्या भागापर्यंत, पोचतो. सोर्स म्हणजे मशीनची निम्मी किंमत समजा. कलतं धरल्यावर किरण जिकडे उडतो तिकडे तो मॅट पत्रा आहे ना, पुन्हा बघा.

धुराच्या नळीपासून लांबच्या टोकाकडून सुरू करून नळीच्या दिशेने सरका, म्हणजे धूर साफ केलेल्या भागावर जाणार नाही. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना किरण वळतो, तिथे क्षणभर जास्त रेंगाळतो आणि कडेला गडद रेघ उठते. शक्य असेल तिथे टोकं जॉबच्या बाहेर, फायर ब्रिकवर पडू द्या. रुंद पत्र्यावर पट्टे २-३ मिमी एकमेकांवर चढवा.

एका जागी थांबायचं नाही. ट्रिगर हात सरकायला लागल्यावर दाबा आणि हात थांबायच्या आधी सोडा. पातळ पत्र्यावर तर सलग पट्टे मारण्यापेक्षा एक इथे, एक तिथे असे मारा. मधेच थांबून उलट्या हाताने पत्रा साफ न केलेल्या जागी चाचपा. हात ठेववत नसेल तर थांबा, गार होऊ द्या.

झालं की नाही हे कसं कळणार

चकचकीत दिसतं म्हणून झालं असं नाही. डिस्टिल्ड पाण्याची फवारणी करा आणि पत्रा तिरका धरा. पाणी अखंड पातळ पडद्यासारखं उतरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. कुठे मणी झाले, पडदा फाटला, तर तिथे तेल किंवा काजळी आहे. ही तपासणी नमुन्यावर करा, वेल्डला जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर नको. केलीच तर गरम हवेने लगेच वाळवा. बसबारसारखा (वीज वाहून नेणारी जाड पट्टी) जॉब असेल तर मायक्रोओहम मीटरने जोडाचा रोध आधी आणि नंतर मोजा, गिऱ्हाईक तोच कागद मागेल.

साफ केलेल्या जागी उघडा हात लावू नका, स्वच्छ हातमोजे घाला. वेल्डिंग त्याच शिफ्टमध्ये उरका. रात्रभर राहिला तर सकाळी ॲसिटोनने पुसून एक हलकी फेरी मारा. आणि लेसरने साफ केलं म्हणून टिग डीसीवर (एका दिशेच्या विजेवर) टाकायची नाही, एसीवरच (आलटत्या विजेवर). ताजा थर पातळ असला तरी आहेच.

पावसाळ्यातली खबरदारी

मोठ्या मशीनना पाण्याचा चिलर असतो. जुलैत शेडमध्ये २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी थंड वस्तूवर सुटू लागतं ते) २५ अंशांच्या आसपास येतो. चिलर २२ वर लावून ठेवला तर थंड पेल्याला बाहेरून पाणी सुटतं तसं लेन्सवर आणि सोर्सच्या आत सुटतं, आणि ओल्या लेन्सवर लेसर मारला की ती तडकते. चिलरचं तापमान दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर, पण मॅन्युअलच्या मर्यादेत ठेवा. ते जमत नसेल तर कप्प्याला एसी लावा. सकाळी आधी चिलर, मग अर्धा तास थांबून लेसर. हवेने गार होणाऱ्या लहान मशीनलाही एसीच्या खोलीतून दमट शेडमध्ये आणल्याबरोबर चालू करू नका.

शिफ्ट संपताना

किल्ली काढा, वीज बंद करा, मग संरक्षक काच बाहेर काढून उजेडात तिरकी धरून बघा. एकही काळा ठिपका असला तर बदला. ही काच स्वस्त असते, आतली लेन्स नाही. टेबलावरची आणि जमिनीवरची धूळ मऊ ब्रशने हलकेच गोळा करा. कॉम्प्रेसरची हवा मारली तर बसलेली धूळ पुन्हा हवेत उठते, आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर तिला मोटारीच्या ठिणगीपाशी नेतो. गोळा झालेली धूळ कोरडी, झाकणाच्या धातूच्या डब्यात, लोखंडाच्या बुऱ्यापासून लांब ठेवा. ओली झालेली धूळ घट्ट बंद डब्यात भरू नका, आत हायड्रोजन साठतो. फिल्टर उघडण्याआधी युनिट थंड होऊ द्या आणि बदलल्याची तारीख त्याच्या दारावरच मार्करने लिहून ठेवा.